दृष्ट लागण्याजोगं शून्य

पोर्ट सईद
३ मे २००८

रिफअत,

सुखरूप पोचले. तुझ्या बायकोने, बहीगाने, दिलेला खारवलेल्या माशाचा डबा मांडीवर होता, त्यामुळे तांतापासून इथपर्यंत लोकांनी गाडीच्या खिडक्या उघड्याच ठेवल्या. सगळे माझ्याकडे असं बघत होते, जणू मीच कुजले आहे.

आता कामाचं बोलते. वसंताच्या सणाला सगळा इजिप्त हा मासा खातो, मान्य. पण तू जे खाल्लंस तो मासा नव्हता, मिठागर होतं. त्यावर लोण्यातला भात, त्यावर तुझ्याच दुकानातला पाकात भिजलेला रव्याचा बसबूसा, आणि हात धुवायच्या आत सिगारेट. ती विझते न विझते तोच दुसरी. मी समोर बसले होते आणि तुझ्या जागी मला तुझे वडील दिसत होते. असेच पोटभर जेवून उठले, पोटावरून हात फिरवला, देवाचे आभार मानले आणि दारापर्यंत पोचले नाहीत. माझे वडीलही त्यांच्या मागोमाग तसेच गेले. आपल्या घरातल्या पुरुषांची काळजं साठीच्या आसपास बंद पडतात, आणि तू साठीला टेकला आहेस. जगासाठी तू माझा चुलतभाऊ असशील, पण आपण एका ताटात जेवून वाढलो. मला आता आणखी कुणासाठी काळे कपडे शिवायचे नाहीत.

पेपरात वाचलं, एक नवं यंत्र आलंय. कापाकापी नाही, सुई नाही. नळाला आतून क्षार धरतात ना, तसं काळजाच्या रक्तवाहिन्यांना आतून कॅल्शियम धरतं. हे यंत्र त्याचा फोटो काढतं आणि किती धरलंय त्याचा आकडा सांगतं. तुझा जावई शुक्री हृदयाचाच डॉक्टर आहे. जावई असा आणि सासऱ्याने कधी छातीला नळी लावून घेतली नाही! लाज वाटू दे.

माझी चिंता नको. मी पहिल्यापासून काटकुळी, जन्मात सिगारेट ओढली नाही, रोज कालव्याच्या कडेने फिरायला जाते. साखर आहे थोडी, रक्तदाबाची गोळी आहे, पण ती भूगोल शिकवून शिकवून मिळालेली बक्षिसं. फक्त आमच्या इमारतीचे जिने हल्ली लांबलेत. चौथा मजला गाठेपर्यंत मध्ये टेकावं लागतं. आणि डावीकडची दाढ ठणकते. वय झालं, दुसरं काय.

तपासणी करून आकडा कळव. फोन करू नकोस. फोनवर तू "हो आब्ला, हो आब्ला" करतोस आणि तिकडे बहीगाला डोळे मिचकावतोस, मला ऐकू येतं. लिहून पाठव.

तफीदा

&nbsp;

तांता
२१ मे २००८

आब्ला तफीदा,

तुझ्या हातांचा मुका घेतो. थोरल्या बहिणीलाही आब्ला आणि शाळेतल्या बाईंनाही आब्ला, त्यामुळे तुझं पत्र दोघींपैकी कुणाचं आहे हे मला अजून ओळखता येत नाही. सावधगिरी म्हणून मी दोघींनाही घाबरतो.

तर गेलो होतो. शुक्रीने हाताला धरून नेलं, पोलीस नेतात तसं. मला उताणं झोपवलं, छातीला वायरी डकवल्या आणि एका भल्यामोठ्या पांढऱ्या कड्यात सरकवलं. तिथल्या मुलीने आधी माझ्या पोटाकडे बघितलं, मग कड्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पोरी, देव मोठा आहे, कडंही मोठं असेल." मग आवाज आला, श्वास घ्या, धरून ठेवा. धरला. सोडा. सोडला. झालं म्हणे! कॉफीला उकळी यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. मी तर बहीगाला मुलांविषयी दोन शब्द सांगून आत गेलो होतो.

आणि आब्ला, बातमी चांगली नाही. आकडा वाईट आहे. किती ते विचारू नकोस. शुक्रीने कागद बघितला, चष्मा काढून पुसला, पुन्हा कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "मामा..." एवढंच म्हणाला. बहीगाने तिथेच ओढणी तोंडाला लावली.

तेव्हा माझ्यासाठी दुआ कर आणि मला रागावू नकोस. भूक मात्र शाबूत आहे. दुखणं अजून तिथवर पोचलेलं नाही. काल भरलेली कबुतरं केली होती, मी अगदी दोनच खाल्ली, तीही बहीगाच्या समाधानासाठी.

तुझा अपराधी
रिफअत

&nbsp;

पोर्ट सईद
२८ मे २००८

माझ्या रिफअत,

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसून राहिले. शेजारची मादाम मार्सेल खाली चालली होती, तिने विचारलं, "काय झालं?" मग तीही माझ्या शेजारी बसली आणि काय झालं ते माहीत नसताना माझ्याबरोबर रडली. चांगली बाई आहे.

मी तुला फार बोलले. पिंप म्हटलं, मागच्या ईदला सगळ्यांसमोर गोणपाट म्हटलं. तू लहान असताना माझ्या वाटणीची साखर चोरायचास ते सगळं तुला माफ केलं. तू फक्त जग.

आता नीट ऐक. सोबतच्या डब्यात कापडाच्या घडीखाली गोळ्या आहेत. रक्तातली चरबी उतरवायच्या. माझा मुलगा हाझिम कुवेतहून मला पाठवतो, अस्सल बाहेरच्या आहेत. तुमच्या तांतात मिळतात त्यांत खडूची पूड किती आणि औषध किती ते दुकानदारालाच माहीत. रोज रात्री एक घे. मी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पाठवल्यात. माझी काळजी नको, हाझिम सुट्टीला येईल तेव्हा आणेलच. आणि मला कशाला हव्यात? माझ्या अंगावर चरबी शोधायला सूक्ष्मदर्शक लागेल. डॉक्टरने उगाच दिल्यात.

दर सोमवारी आणि गुरुवारी तुझ्यासाठी रोजा धरायचं ठरवलंय. मार्सेल तिच्या चर्चमध्ये तुझ्या नावाने मेणबत्ती लावते. दोन्हीकडून जोर लावला तर काही तरी होईलच.

सिगारेट सोड, रिफअत. हे मी दटावून सांगत नाही. हात जोडून सांगते.

तफीदा

&nbsp;

तांता
१४ जून २००८

आब्ला,

गोळ्या मिळाल्या. कशाला पाठवल्यास? शुक्रीने मला वेगळ्या दिल्यात. ह्या परत पाठवीन म्हणतो. तू तुझ्या घेत जा ना.

इकडची काय हकीगत सांगू! माझ्या आजाराची बातमी गल्लीभर झाली. कुणी केली, देव जाणे. संध्याकाळ झाली की माणसं येतात. कुणी संत्री आणतं, कुणी पेरूचा रस, कुणी कोंबडीचं सूप. मला बाजेवर आडवं व्हावं लागतं. समोरच्या गल्लीतला माझा जुना दुश्मन, हलव्याचा व्यापारी हाज मुतावा, तोसुद्धा आला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "रिफअत, तुझ्या हलव्यात तीळ कमी असतो असं मी लोकांना सांगायचो, मला माफ कर." मी क्षीण आवाजात माफ केलं. तो रडत रडत गेला आणि जाताना दाराशी बहीगाला विचारलं, दुकान पुढे कोण चालवणार?

मरणाऱ्या माणसाचं आयुष्य फार धावपळीचं असतं, आब्ला. बहीगा सकाळपासून पाहुण्यांसाठी स्वयंपाक करते, रात्री पाय चेपत बसते. मला सगळ्यांसमोर फक्त सूप मिळतं. लोक गेले की मग कुठे जेवण.

एक विचारतो. समज, एखाद्या माणसाने भल्यासाठी थोडंसं खोटं सांगितलं, तर तू त्या माणसाशी कशी वागशील? सहज विचारलं.

रिफअत

&nbsp;

पोर्ट सईद
२२ जून २००८

रिफअत,

मी त्या माणसाचे कान उपटीन. कोण आहे तो? शुक्री? तो तुझ्यापासून काही लपवतोय का? त्याला म्हणावं, आब्ला तफीदापासून लपवलेलं आजवर पचलेलं नाही.

गोळ्या परत पाठवायच्या नाहीत. उलट आणखी एक डबा पाठवते. गल्लीतल्या औषधवाल्याकडून घासाघीस करून मिळवल्या. मी महिनाभर एकही घेतली नाही आणि बघ, ठणठणीत आहे. अगदी ठणठणीत नाही म्हणता येणार. त्या दाढेने छळलंय. दातांच्या डॉक्टरकडे गेले, त्याने हलवून बघितली, म्हणाला दाढ चांगली आहे. मी म्हटलं, "दुखतेय मला की तुम्हाला? काढा." काढली. चांगली मजबूत होती, बघून वाईट वाटलं. आणि दुखणं तसंच! गंमत म्हणजे घरात बसले की काही नाही. जिना चढायला लागले की जबडा ठणकायला लागतो, डावा खांदाही भरून येतो. टेकले की थांबतं. मार्सेल म्हणते, जिन्यात वारा लागतो. असेल.

सोमवारी रोजा सोडताना चक्कर आली होती, पण उकाडाही फार आहे. तुझ्यासाठी एवढं काहीच नाही. तू सूप पी आणि बाजेवर पडून राहा. त्या मुतावाला सांग, दुकान रिफअतच चालवणार आहे, अजून वीस वर्षं.

तफीदा

&nbsp;

तांता
२८ जून २००८

आब्ला तफीदा,

हे पत्र बसून वाच. जिन्यात नको, खुर्चीवर.

माझा आकडा शून्य आहे. काळजाच्या एकाही रक्तवाहिनीत कॅल्शियमचा कण नाही. म्हणून शुक्री चष्मा पुसत होता. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाचा फोटो आलाय. दवाखान्यातल्या मुलीला त्याने तीनदा नाव विचारलं.

मी ओरडून सांगणारच होतो. तेवढ्यात बहीगाने कागद हिसकावला आणि झग्यात खुपसला. म्हणाली, "खबरदार कुणाला सांगशील तर! एवढा जाडा माणूस, दिवसभर धूर काढतो, आणि काळीज कोऱ्या पाटीसारखं? संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआत दृष्ट लागेल." तिच्या मामाची गोष्ट तुला माहीत आहे. त्याने लग्नाच्या मांडवात सांगितलं, माझा रक्तदाब पोरासारखा आहे, आणि तिथेच खुर्चीसकट मागे कोसळला. कंबर मोडली. म्हणून ठरलं, आजार जाहीर करायचा. लोक कीव करतील, हेवा करणार नाहीत. शिवाय तिने कागदाची बाहुली कापली, एकेकाचं नाव घेऊन सुई टोचली आणि उदाबरोबर जाळली. एक सुई तुझ्याही नावाची होती. पहिलीच. माफ कर. ती म्हणाली, सगळ्यात जास्त डोळे तफीदाचे लागतात, चाळीस वर्षं वर्गावर रोखलेले आहेत.

मला वाटलं, तू चार दिवस रागावणार नाहीस, तेवढंच सुख. तू तुझं औषध मला पाठवशील हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. तुझे दोन्ही डबे माझ्यासमोर आहेत आणि मला जेवण जात नाही. मला, आब्ला! बहीगाने तर घाबरून पाण्याचा तांब्याच आणला.

आता खरं महत्त्वाचं. तुझं दाढेचं पत्र मी शुक्रीला हसत हसत वाचून दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, "पुन्हा वाचा." मग म्हणाला, "चढताना दुखतं आणि बसल्यावर थांबतं, ती दाढ नव्हे. ते काळीज असू शकतं. बायकांना छातीतच कळ येईल असं नसतं. जबडा, खांदा, धाप, थकवा, कसंही येतं. त्यात साखर, त्यात रक्तदाब, आणि वडील, काका दोघांनाही काळजाचा रोग." मी म्हटलं, पण ती काटकुळी आहे! तो म्हणाला, "मामा, तुम्ही जाडे आहात आणि तुमचा आकडा शून्य आहे. अजून काय पुरावा हवा?"

आणि मलाही त्याने झापलं. शून्य म्हणजे माफीनामा नव्हे म्हणे. कॅल्शियम धरायच्या आधी जे मऊ मऊ साठतं ते त्या फोटोत दिसतच नाही.

गोळ्या आजच परत पाठवतोय. आजपासून घे. रोजे थांबव. उद्याच्या उद्या हृदयाच्या डॉक्टरकडे जा. मग माझे दोन्ही कान उपट, मी घेऊन येतो.

रिफअत

&nbsp;

पोर्ट सईद
५ जुलै २००८

रिफअत पाशा,

मी रोजे धरले आणि तू कबुतरं खाल्लीस.

मार्सेलने मेणबत्त्या लावल्या, तिच्या नातेवाइकांनी लावल्या. त्या सगळ्यांना आता काय सांगू? पेशंट बाजेवर पडून बसबूसा खात होता म्हणून? मी एक चांगली दाढ गमावली, माझ्या झोपा गमावल्या, रोज पहाटेच्या नमाजात तुझ्यासाठी रडले. आणि तुझी बायको माझ्या नावाने सुया टोचत होती! दृष्ट म्हणे. मुलांना भूगोल शिकवण्यात जन्म गेला, आणि माझ्याच घरात कागदाच्या बाहुल्या. तुझ्या मामेसासऱ्याची कंबर दृष्टीने मोडली नाही, खुर्चीचा पाय कुजला होता. मी त्या लग्नाला होते.

पत्र फाडलं. मग चिकटवलं, कारण शुक्रीने काय सांगितलं ते पुन्हा वाचायचं होतं.

त्या मुलाला म्हणावं, डॉक्टर झाला म्हणून सगळंच कळतं असं नाही. आपल्या घरात हा रोग पुरुषांना होतो. माझी आई ऐंशी वर्षं जगली आणि शेवटपर्यंत सुनेशी भांडली. तरी मी तपासणीला जाणार आहे. तुमच्यासाठी नाही. तुझ्यासारख्या पिंपाला शून्य मिळत असेल, तर मला काय मिळेल ते बघायचंय. दवाखानाच मला उलटं काही तरी देणं लागत असेल. तो कागद चौकटीत बसवून तुझ्या दुकानात टांगीन, गिऱ्हाइकांना दिसेल असा. त्यावर डोळे रोखून तूच दिवसभर बस.

मी तुझ्याशी बोलत नाही.

तफीदा

&nbsp;

पोर्ट सईद
१६ जुलै २००८

रिफअत,

तपासणी झाली. सगळं ठीक आहे. आकडा लिहीत नाही, दृष्ट लागते.

उकाडा फार आहे. बहीगाला आणि मुलांना सलाम सांग. तू पत्र चांगलं लिहितोस.

तफीदा

&nbsp;

तांता
१९ जुलै २००८

आब्ला,

हे पत्र पोर्ट सईदच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय, म्हणजे आजच मिळेल. आम्ही उद्या सकाळी पोचतो. मी, बहीगा आणि शुक्री. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसू. मला जिन्यात बसवायचं असेल तर आधी इमारतवाल्यांची परवानगी घे, रस्ता बंद होईल.

तुझं पत्र बहीगाला वाचून दाखवलं. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. म्हणाली, "तफीदा आणि दृष्ट?" पुढे काही बोलायची गरजच नव्हती. माझ्या अश्रफच्या बारशाला त्याच्या टोपीवरचा दृष्टीचा निळा मणी तू काढून खिडकीबाहेर फेकलास, बहीगा वर्षभर बोलली नव्हती तुझ्याशी. ती बाई आज दृष्टीच्या भीतीने आकडा लपवते? आणि वर मी पत्र चांगलं लिहितो? जन्मात तू मला असं म्हटलेलं नाहीस. टोमण्याशिवायचं तुझं पत्र मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला घाम फुटला.

तू आकडा सांगू नकोस. आम्ही येऊन बघू. तो जो काही असेल तो कागदावरचा आहे, मला कागद नको, तू हवी आहेस. माझे वडील गेले, काका गेले. मला नावाने हाक मारून रागावणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तू गेलीस तर मी म्हातारा होईन, आब्ला. आत्ता मी फक्त जाडा आहे.

सौदा करू. तू शुक्री सांगेल ते सगळं करायचं, वाद घालायचा नाही. मी सिगारेट सोडतो. गंमत नाही. आज दुपारी हुक्कासुद्धा मुतावाला देऊन टाकला. त्याला वाटलं मी निरवानिरव करतोय, बिचारा पुन्हा रडला.

रिफअत

&nbsp;

पोर्ट सईद
८ ऑक्टोबर २००८

रिफअत,

तुम्ही सगळे ईद करून परत गेलात आणि घर इतकं शांत झालं की मी आज मार्सेलशी विनाकारण भांडले. आता बरं वाटतंय.

समोरासमोर बोलता आलं नाही ते लिहिते. तो चारशेच्या वरचा आकडा हातात पडला तेव्हा मला पहिल्यांदा भीती नाही वाटली. लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, आणि ह्या वयात मीच नापास. तेही तुझ्यापुढे. म्हणून दृष्टीचं निमित्त केलं. तुमच्या घरात खपतं, मला वाटलं माझंही खपेल.

भीती नंतर आली. कैरोला त्या टेबलावर, मनगटातून तार आत सरकवत होते तेव्हा. डॉक्टर पडद्यावर दाखवत होता, ही बघा, इथे नळी अरुंद झालीय, इथे आपण बारीक जाळी बसवणार. मी बघत होते आणि मला एकच सुचत होतं. आपल्या घरात मी कायम दारापाशी उभी राहिले. तुझे वडील, माझे वडील, आता तू, कुणाचं काळीज कधी दगा देईल ह्याची वाट बघत. आपल्याकडच्या बायकांना दुसऱ्याच्या काळजासाठी रडायला शिकवतात. आपल्यालाही एक आहे, हे कुणी सांगतच नाही. मला खूप जगावंसं वाटलं, रिफअत. इतकं की मला माझीच लाज वाटेना.

आता बरी आहे. साठलेलं कॅल्शियम काही विरघळून जाणार नाही म्हणे, ते माझ्याबरोबर राहील. नवं काही बिघडू नये म्हणून गोळ्या, चालणं, मीठ कमी. गोळ्या माझ्या मीच घेते, कुणाला पाठवत नाही. रमजानचे रोजे चुकले त्याचं वाईट वाटलं, पण शुक्रीने सांगितलं, त्याबदली गरिबांना जेवू घाल. घातलं. चौथा मजला हळूहळू चढते, जबडा गप्प असतो. ती दाढ मात्र फुकट गेली.

आता नीट वाच. तुम्ही इथे होतात तेव्हा बहीगा माझ्यासाठी बाजार करायची. मी पलंगावर पडून असायचे, मला दुसरं काम नव्हतं. जिन्यातून तिची पावलं ऐकायचे. तिसऱ्या मजल्यावर ती थांबायची. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज यायचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग दार उघडून हसत आत यायची आणि म्हणायची, "तफीदा, तुला आज काय करू?" मी एकदा विचारलं, तर म्हणाली, पिशवी जड होती. पिशवीत कोथिंबीर होती, रिफअत.

अश्रफच्या वेळेपासून तिला साखर आहे. तिची आई अचानक गेली. तिने तुझा कागद झग्यात लपवला, तुझ्या काळजाला कुणाची नजर लागू नये म्हणून बाहुली जाळली, पाहुण्यांचं केलं, मग माझं केलं. ह्या सगळ्यांत तिचं काळीज कुणी बघितलंय का? मीही नाही, तूही नाही, घरातल्या डॉक्टरानेही नाही.

शनिवारी तिला घेऊन जा. ती नाही म्हणेल. मीही म्हटलं होतं.

तफीदा

&nbsp;

तांता
१२ ऑक्टोबर २००८

आब्ला,

काल नेलं. कड्यात जायच्या आधी तिने त्या मुलीला माझ्याबद्दल सूचना दिल्या, हा चहात साखर किती घेतो त्यावर लक्ष ठेवा म्हणून. शुक्रीने तिच्या रक्ताच्याही चाचण्या घेतल्या, पळत्या पट्ट्यावरही चालवली. निकाल मंगळवारी. तो म्हणाला, काहीही असलं तरी आपण वेळेवर आलोय. त्याचा चेहरा तुझ्या वेळेसारखा नव्हता, एवढं मी बघून घेतलं.

पण मी वेगळंच सांगायला बसलोय. तुझं पत्र आलं त्या दिवशी बहीगा मुलूखियाच्या पालेभाजीची पानं बारीक करत होती. मी समोर जाऊन बसलो. मी कधी स्वयंपाकघरात बसत नाही, तिला वाटलं काही तरी खायला हवंय. म्हणाली, "अजून वेळ आहे." मी म्हटलं, "बहीगा, तुला धाप लागते का?"

तिने सुरी खाली ठेवली. ओढणीला हात पुसले. म्हणाली, "हे तू मला लग्न झाल्यापासून पहिल्यांदा विचारतोयस."

मग ती सांगायला लागली. कुठे दुखतं, कधीपासून, कुठल्या पायरीवर, कुणाच्या लग्नात बसून राहावं लागलं, कोणत्या रात्री वाटलं की मला उठवावं आणि उठवलं नाही, कारण मी छान झोपलो होतो. चूल बंद झाली, त्या दिवशी मुलूखिया झाली नाही, आम्ही पाव आणि चीज खाल्लं. आब्ला, आज तिसरा दिवस आहे. ती अजून सांगतेच आहे, आणि मी तिच्या शेजारी बसून ऐकतोय.

रिफअत